उकळत्या कुंडातला भात आणि आईचा व्हेटो

तीन मैत्रिणींनी ऐन वेळी कल्टी मारली आणि रिकाम्या सीटवर चक्क आई येऊन बसली! हिमाचलच्या पार्वती व्हॅलीतल्या चार दिवसांची ही आठवण... गरम पाणी, सिड्डू, लिंगडी आणि नदीकाठच्या एका कॅन्सल केलेल्या टेंटसकट.

‘सॉरी यार, अप्रेझल आलंय.’

‘बॉस सुट्टी देत नाहीये गं. तू जा, फोटो टाक!’

‘नेक्स्ट टाइम पक्का!!’

दोन दिवसांत तीन मेसेज. ‘चलो पार्वती व्हॅली’ असं दणकेबाज नाव असलेल्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शेवटी उरले कोण, तर मी. जून २०२२चा शेवटचा आठवडा. दिल्लीचं विमान बुक, पुढची व्होल्वो बुक, कसोलच्या पुढे नदीकाठच्या टेंटचा अॅडव्हान्स भरलेला. रिफंड? विसरा!

मी डायनिंग टेबलवर डोकं धरून बसले होते. आई शेंगा निवडत होती. एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढून ती नुकतीच रिटायर झाली होती आणि रोज दुपारी ‘आता करायचं काय’ या प्रश्नाशी तिची झटापट चालू होती.

‘तिथे गरम पाण्याचे झरे आहेत म्हणालीस ना?’ तिने मान वर न करता विचारलं.

‘हो. मणिकरणला. का?’

‘मग मी येते. गुडघ्याला बरं.’

खरं सांगू? माझ्या पोटात गोळा आला. हॅमॉक, बॉनफायर, इस्रायली कॅफे अशा माझ्या प्लॅनमध्ये आई, तिची स्लिंग बॅग आणि गुडघ्याचा पट्टा कुठे बसवायचा? पण एक जादा तिकीट वाया जात होतं आणि बाबांनी ‘जा गं दोघी’ म्हणून विषयच संपवला.

खिडकीतली सीट

दिल्लीहून रात्री निघालेली बस उजाडता उजाडता डोंगरात शिरते. मंडी मागे पडलं की औटचा बोगदा येतो, जवळपास तीन किलोमीटरचा. तो संपला की बियासचं खोरं समोर उघडतं. भुंतरला उतरायचं, कारण इथे पार्वती नदी बियासला मिळते आणि तिच्याच काठाने वर मणिकरणचा रस्ता जातो. अंतर फक्त ३५ किलोमीटर, पण लोकल बस दोन तास सहज घेते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल खाली करड्या पाण्याचा धिंगाणा. वळणावर समोरून ट्रक आला की आपण डोळे मिटून घ्यायचे.

आईने डोळे मिटले नाहीत. ती खिडकीला नाक लावून नदीकडे बघत होती.

‘केवढी गं ही! आमची अर्जुना श्रावणात अशी दिसते. ही आत्ताच अशी?’

आईचं माहेर राजापूर. तिथली अर्जुना नदी दर पावसाळ्यात बाजारात येऊन जाते. जवाहर चौकात पाणी भरलं की शाळेला सुट्टी, हे तिच्या लहानपणाचं कॅलेंडर. गावाबाहेर उन्हाळ्याला गरम पाण्याचा झरा आहे, दगडी गोमुखातून बारा महिने वाहणारा. तिथेच ती प्रसिद्ध राजापूरची गंगा, मनात आलं की प्रकटते आणि मनात आलं की जाते. थोडक्यात काय, गरम पाणी आणि लहरी नदी या दोन्हींशी आईची ओळख माझ्यापेक्षा कितीतरी जुनी. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं...

व्हेटो!

कॅम्प फोटोतल्यापेक्षाही देखणा होता. नदीच्या गोट्यांवर ओळीने पांढरे टेंट, दिव्यांच्या माळा, दोन झाडांमध्ये बांधलेला हॅमॉक. पाणी इतकं जवळ की टेंटच्या दारातून पाय सोडला तर ओला व्हावा. मी लगेच मोबाइल काढला.

आई टेंटकडे बघतच नव्हती. ती टेंटच्या मागे गेली. तिथे दोन मोठ्या धोंड्यांच्या मध्ये देवदाराचा एक अख्खा ओंडका आडवा अडकला होता. साल पार सोलवटलेली, टोकाला वाळका गाळ आणि गवताच्या काड्या.

‘हा इथे कोणी आणून ठेवला?’ तिने कॅम्पवरच्या पोराला विचारलं. म्हणजे तिच्या हिंदीत, ‘ये लकडा इधर कौन लाया?’

‘पानी लाया होगा आंटी, पुराना है.’

‘म्हणजे पाणी इथवर येतं,’ आई माझ्याकडे वळून म्हणाली. टेंट त्या ओंडक्याच्या खाली, नदीच्या बाजूला. ‘मी इथे झोपणार नाही. आणि तूही नाही.’

‘आंटी, कुछ नहीं होता,’ पोरगा हसला.

‘राजापुरात नवखी माणसं पुराच्या आदल्या रात्रीपर्यंत हेच म्हणतात.’ हे वाक्य त्याला कळलं नाही, पण सूर कळला असावा. अॅडव्हान्स परत मिळणार नाही, एवढं त्याने गोड शब्दांत सांगितलं.

मी भयंकर चिडले. पाऊस नाही, ढग नाही, वर निळंशार आकाश! भर रस्त्यात सॅक पाठीला लावून आम्ही दोघी उभ्या. मी तासभर तिच्याशी बोललेच नाही. शेवटी एका चहावाल्याने वर बोट दाखवलं. ‘ऊपर गांव में घर है, कमरा देते हैं.’ वीस-पंचवीस मिनिटांचा चढ. आई दर दहा पावलांनी थांबत, गुडघा चोळत वर चढली आणि एकदाही ‘बॅग धर’ म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. आज आठवलं की लाज वाटते.

मोदक की करंजी?

घर काठकुणी पद्धतीचं होतं. म्हणजे एक थर देवदाराच्या तुळईचा, एक थर दगडाचा, मध्ये चुना-सिमेंट काही नाही. भूकंपात अशा भिंती थोड्या हलतात, पण लाकूड त्यांना धरून ठेवतं. ४ एप्रिल १९०५ला कांगड्याच्या भूकंपाने हजारो माणसं दगावली, त्या प्रदेशातलं हे शहाणपण आहे. घराची मालकीण पन्नाशीची, डोक्याला रंगीत धाटू बांधलेला. खोलीत दोन पलंग, जाड रजया आणि खिडकीतून खाली दिसणारी नदी. दिवसाचं भाडं टेंटच्या निम्मं!

त्या रात्री ताटात आला सिड्डू. कुल्लूकडचा हा एकदम हिट आयटम. गव्हाची कणीक यीस्ट घालून फुगवायची, आत अक्रोड आणि खसखशीचं वाटण भरायचं, अर्धचंद्राचा आकार द्यायचा आणि वाफवायचं. मग गरम असतानाच मोडून, वर साजूक तुपाची धार. बाजूला हिरवी चटणी.

आईने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि जाहीर केलं, ‘हा करंजीच्या आकाराचा तिखट मोदक आहे!’

मालकीणबाईंना मोदक म्हणजे काय ते सांगायला आई स्वयंपाकघरात गेली ती तासभर आलीच नाही. मी डोकावले, तर लोखंडी शेगडीजवळ दोघी मांडी घालून बसलेल्या. इकडे शेगडीला तंदूर म्हणतात, घर ऊबदार ठेवायचं आणि स्वयंपाकाचं काम एकाच वेळी होतं. एक कुल्लवीमिश्रित हिंदी बोलत होती, दुसरी कोकणी वळणाची. उकड किती घट्ट हवी यावर गहन चर्चा चालू होती. भाषेवाचून कोणाचंच काही अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लिंगडीची भाजी. लिंगडी म्हणजे नेच्याचे कोवळे, गोगलगायीसारखे गुंडाळलेले कोंब. ओलसर जागी, ओढ्याकाठी उगवतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंतच मिळतात. नीट उकडून, मोहरीच्या तेलात लसूण-मिरचीवर परतलेली ती भाजी खाताना आईला टाकळा आणि फोडशी आठवली. ‘सगळीकडच्या बायका पावसाच्या तोंडावर रानातच जातात बघ,’ ती म्हणाली. सोबत राजमा, भात, आणि शेजारच्या बागेतले आंबटगोड प्लम.

कसोलला एक चक्कर मारलीच. गावात इस्रायली पर्यटक इतके आले की मेन्यूकार्डं हिब्रूमध्येही निघाली. शाकशुका समोर आल्यावर आईची कॉमेंट : ‘टोमॅटोच्या सारात अंडी सोडलीत!’ पण प्लेट मात्र चाटूनपुसून साफ. मग ट्राउट. हा थंड पाण्याचा परदेशी मासा इंग्रजांनी कुल्लूच्या नद्यांत सोडला आणि तो इथलाच होऊन गेला. अख्खा भाजलेला मासा, वर लिंबू. कोकणातल्या बाईने काटा सफाईने वेगळा केला, चव घेतली आणि निकाल दिला, ‘ताजा आहे. पण अंगात समुद्राचं मीठ नाही.’

एव्हाना माझा राग मावळला होता. पण टेंटचं दुःख होतंच. संध्याकाळी खिडकीतून खाली बघितलं की दिव्यांच्या माळा लुकलुकायच्या आणि गिटारचा आवाज वर यायचा...

गॅसशिवाय भात

मणिकरणला पोचलात की आधी वाफ दिसते. पुलावर उभं राहिलं की खाली बर्फाच्या पाण्याची पार्वती उसळत असते आणि तिच्या काठाच्या खडकांतून पांढरे ढग वर येत असतात. थंड आणि उकळतं, दोन्ही पाणी हातभर अंतरावर! समुद्रसपाटीपासून साधारण १७५० मीटर उंचीवरचं हे छोटंसं गाव हिंदू आणि शीख दोघांचंही तीर्थ आहे.

कथाही दोन. एक शंकर-पार्वतीची : पार्वतीच्या कानातला मणी पाण्यात पडला, शेषनागाने तो लपवला आणि शेवटी रागाने फूत्कार टाकला तेव्हा पाणी उकळून मणी वर उसळले. म्हणून मणिकरण. दुसरी गुरू नानकांची : सोबतचा मरदाना भुकेला होता, पीठ होतं पण विस्तव नव्हता. त्याने लाटलेल्या रोट्या कुंडात टाकल्या, त्या बुडाल्या. देवाचं नाव घेऊन एक रोटी दान करायचं त्याने कबूल केलं आणि सगळ्या शिजून वर तरंगल्या.

दोन्ही कथांचं सार आजही रोज शिजतं. शिवमंदिराजवळच्या कुंडात गुरुद्वाऱ्याच्या लंगरचे मोठमोठे हंडे अर्धे बुडवून ठेवलेले असतात, आत डाळ, भात, चणे. खाली ज्वाळा नाही, लाकूड नाही, सिलिंडर नाही. आपणही बाहेरच्या दुकानातून तांदळाची किंवा चण्याची पुरचुंडी घेऊन दोरीने पाण्यात सोडू शकतो.

आईने तांदळाची पुरचुंडी घेतली, कठड्याजवळ उभी राहिली आणि दोरी बोटाला गुंडाळून घड्याळ लावलं. आजूबाजूला सगळे सेल्फी काढत होते. ही मात्र पाण्याकडे टक लावून. वीसेक मिनिटांनी पुरचुंडी वर काढली, एक शीत बोटांनी दाबून बघितलं. ‘झालाय,’ म्हणाली. आणि मग हळूच, ‘काही न करता झाला गं.’

घरी सकाळी सहाला कुकर लावून, डबे भरून, आठ दहाची लोकल पकडणारी बाई होती ती. एकतीस वर्षं. भात ‘होतो’ ही गोष्ट तिने पहिल्यांदाच बघितली असावी. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही सुचलंच नाही.

आता थोडं सायन्स! इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं आणि बर्फाचं पाणी डोंगराच्या भेगांतून खोल खोल झिरपतं. जमिनीत जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढते, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. इथल्या खडकाचं भूगर्भशास्त्रातलं नावच ‘मणिकरण क्वार्टझाइट’. कडक, पण तडे गेलेला. या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी १०० नाही, ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि कुंडांतलं सगळ्यात गरम पाणी जवळपास तिथपर्यंत पोचतं. त्यामुळे हात घालून बघण्याचं धाडस नको, प्लीज!

लंगरमध्ये पंगतीत बसलो. सेवादार रोटीची टोपली घेऊन आला. ‘परशादा, माताजी?’ आईने सवयीने एक हात पुढे केला. तो थांबला. शेजारच्या बाईने खूण केली : दोन्ही हात. लंगरमध्ये रोटी अशीच घ्यायची, ओंजळीत. आईने दोन्ही हात पुढे केले. डाळ, कुंडातला भात, खीर. वाढणारे वाढत राहिले आणि आई बसून जेवली. एकदाही उठली नाही. घरी तिला शेवटपर्यंत बसून जेवताना मी कधी पाहिलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

मग आंघोळ. बायकांचं कुंड बंदिस्त आहे. झऱ्याच्या पाण्यात थंड पाणी मिसळून ते अंगाला सोसेल असं केलेलं असतं, तरी पहिला पाय टाकल्यावर ‘आई गं’ निघतंच.

‘एकदम नको उतरू. आधी पावलं, मग गुडघे. दमाने,’ आईच्या सूचना. उन्हाळ्याच्या झऱ्यावर तिची आजी हेच सांगायची म्हणे. पाच मिनिटांत ती खांद्यापर्यंत पाण्यात आणि लुधियानाच्या एका बाईशी गुडघे या राष्ट्रीय विषयावर गप्पांत! दहा मिनिटांनी तिने मला बाहेर काढलं. ‘जास्त बसलीस तर चक्कर येईल.’ बाहेर आल्यावर खरंच पाय हलके झाले होते. गुडघा बरा झाला का? नाही हो. पण त्या संध्याकाळी चढ चढताना ती दहाऐवजी वीस पावलांनी थांबली. आणि या वेळी तिची बॅग माझ्या खांद्यावर होती.

तिसरी रात्र

तिसऱ्या रात्री पाऊस आला. आधी टपटप, मग असा की खिडकीबाहेरचं काहीच दिसेना. दीडच्या सुमारास मला जाग आली ती वेगळ्याच आवाजाने. गडगड... गडगड... पण आकाशातून नाही, खालून.

‘धोंडे आहेत,’ अंधारात आईचा आवाज आला. तीही जागी होती. ‘नदी धोंडे लोटतेय.’

सकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही खाली उतरलो. नदीचा रंग चहासारखा झाला होता. टेंटची पुढची रांग पाण्यात. दोन टेंट आडवे, हॅमॉकचं झाड पाण्याच्या मधोमध. कॅम्पच्या पोरांनी रात्री दोन वाजता सगळ्यांना उठवून रस्त्यावर आणलं होतं. कोणाला काही झालं नाही, नशीब! चहाच्या टपरीवर पुण्याचं एक तरुण जोडपं एकाच ब्लँकेटमध्ये कुडकुडत बसलं होतं. त्यांचे लॅपटॉप, बूट, सगळं गेलं होतं. ती मुलगी माझ्याच वयाची. आम्ही नसतो आलो वर, तर पुढच्या रांगेतला तिसरा टेंट आमचा होता.

मी आईच्या ‘सांगितलं होतं ना?’ची वाट बघत होते. ती काहीच म्हणाली नाही. मालकीणबाईंनी वाटेत खायला म्हणून बांधून दिलेले दोन सिड्डू तिने पिशवीतून काढले आणि त्या दोघांपुढे धरले. ‘खाऊन घ्या रे. रात्रभर उपाशी असाल.’

आम्ही मुंबईला परतलो. ऑफिसवाल्या मैत्रिणींना मी ही स्टोरी थोडी मसाला लावून सांगितली, त्या हसल्या, मीही हसले. मग ६ जुलै २०२२ला सकाळी बातमी आली. मणिकरण खोऱ्यातल्या चोज गावात ढगफुटी, नदीकाठची कॅम्पिंग साइट वाहून गेली, चार जण बेपत्ता. आमचा कॅम्प तो नव्हता. पण फोन हातात धरून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मसाला उतरला होता.

ऊब आणि तडा

त्यानंतर मी त्या खोऱ्याच्या बातम्या वाचत राहिले. थोडं मागचंही शोधलं. ऑगस्ट २०१५मध्ये डोंगरावरून दरड आणि धोंडे थेट मणिकरणच्या गुरुद्वाऱ्याच्या इमारतीवर कोसळले होते, माणसं गेली होती. जुलै २०२३मध्ये बियास आणि पार्वतीच्या पुराने कुल्लू जिल्ह्यात रस्ते, पूल, हॉटेलं नेली आणि हजारो पर्यटक अडकून पडले. ३० मार्च २०२५ला गुरुद्वाऱ्याजवळ दरडीसोबत एक मोठं झाड कोसळून सहा जण दगावले.

म्हणजे जायचं नाही का? मी स्वतःला खूपदा विचारलं. माझं उत्तर : जायचं. पण डोंगर कसा आहे ते समजून जायचं. हिमालय अजून घडतोय. त्याचा खडक तडकलेला आहे, म्हणून तर खोलातली ऊब आपल्यापर्यंत पोचते. आणि तडकलेला आहे म्हणूनच तो जोराच्या पावसात सुटतो. भात शिजवणारी भेग आणि दरड आणणारी भेग एकाच डोंगराची. स्पाचं पॅकेज घेतल्यासारखं ‘ऊब तेवढी द्या, बाकी नको’ असं इथे चालत नाही.

तिथल्या माणसांना हे माहीत आहे. म्हणून जुनी घरं वर आहेत, नदीपासून लांब, लाकडाने बांधलेली. नदीकाठची सपाट जागा रिकामी दिसते ती कोणाला सुचलं नाही म्हणून नाही, ती नदीची आहे म्हणून. मी मास कॉम केलेली, रिव्ह्यू वाचून, स्टार मोजून बुकिंग करणारी. ओंडका माझ्याही डोळ्यांसमोर होता. मी त्याच्यावर बसून फोटो काढला असता! वाचला तो आईने.

घरी आता महिन्यातून एका रविवारी मोदकपात्रात सिड्डू होतात. अक्रोड महाग पडतात म्हणून आई अर्धे शेंगदाणे घालते, आणि चटणीत थोडं ओलं खोबरं. मालकीणबाईंना फोटो जातो, त्यांचा उलट फोन येतो, ‘दीदी, आटा ज्यादा फूल गया!’ बाबा वाढतात. हा नियम आईने नाही, मी केलाय. ती शेवटपर्यंत बसून जेवते. अधूनमधून उठायला बघते, मग आठवून परत बसते.

पुढच्या थंडीत आम्ही दोघी उन्हाळ्याला जाणार आहोत, तिच्या गोमुखाच्या झऱ्यावर. बुकिंग तिने केलंय. मी विचारलं, ‘खोली कुठे आहे?’ उत्तर आलं, ‘नदीपासून वर!’

बॅग भरण्याआधी...

कसं जाल? दिल्ली किंवा चंदीगडहून रात्रीची बस पकडून भुंतर. तिथून मणिकरण ३५ किलोमीटर, लोकल बस आणि टॅक्सी मिळतात. कसोल मणिकरणच्या अलीकडे ४ किलोमीटरवर. भुंतरला छोटा विमानतळ आहे, पण हवामान बिघडलं की विमानं रद्द होतात, तेव्हा हातात एक दिवस जादा ठेवा.

कधी जाल? एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्ट टाळाच. आम्ही जूनअखेर गेलो, ती चूक होती.

कुठे राहाल? गावातल्या घरांत, नदीपासून वर. खोली घेण्याआधी दोन मिनिटं आजूबाजूला फिरा. अडकलेले ओंडके, वाळका गाळ, गोल गुळगुळीत गोटे दिसले तर समजा, नदी इथे येऊन गेलीय.

काय खाल? सिड्डू तुपासोबत, लिंगडी (सीझन असेल तर), राजमा-भात, ट्राउट. कोणाच्या लग्नाचं आमंत्रण मिळालंच तर ‘धाम’ सोडू नका, पंगतीत वाढली जाणारी ही पारंपरिक मेजवानी आहे. आणि लंगर अर्थातच. डोकं झाका, रोटी दोन्ही हातांनी घ्या, ताटात टाकू नका.

गरम पाण्यात उतरताना : आधी पावलं, मग बाकी. दहा मिनिटं पुरे. बाहेर येऊन पाणी प्या. बीपी, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मुलांना उकळत्या कुंडांच्या कठड्यापासून लांब ठेवा.

आणखी गरम पाणी : मनालीजवळचं वशिष्ठ, बरशैणीहून ट्रेक करून गाठायचं खीरगंगा, सतलजच्या काठचं तत्तापानी, जिथले मूळ झरे कोल धरणाच्या पाण्याखाली गेले आणि आता काठावर नवी कुंडं आहेत. आणि इतक्या लांब जायला सुट्टी नसेल तर आपली गणेशपुरी-वज्रेश्वरी आणि राजापूरजवळचं उन्हाळे आहेच की!

आणि हो, ग्रुपने कल्टी मारली तर प्लॅन कॅन्सल करू नका. डायनिंग टेबलवर शेंगा निवडत कोण बसलंय, ते आधी बघा.